घरपोच मुऱ्हा: गाडी वेळेवर आली, म्हैस दुसरीच निघाली

एक स्टार देतोय, आणि तोही टेम्पोच्या ड्रायव्हरला. बिचाऱ्यानं हौद्यात वाळू पसरून वर पाचट टाकलं होतं, वाटेत थांबून म्हशीला पाणी दाखवलं, आणि रात्री साडेदहाला आमच्या दारात उतरवताना फळी सरकू नये म्हणून स्वतः खांदा लावला. चहा पण नको म्हणाला. बाकीच्या सेवेला माझ्याकडनं काही नाही.

(मी बाई आहे. आमच्या कोल्हापूर भागात बायका पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. लेकीनं टाइप करताना दुरुस्त करायला घेतलं होतं, म्हटलं राहू दे.)

कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकीलबाईंनी हात जोडून सांगितलंय, काकी, नाव टाकू नका. 'हरियाणाची अस्सल मुऱ्हा, घरपोच, दुधाच्या गॅरंटीसह' अशी जाहिरात तुमच्या पण फोनवर येत असेल. त्या जातीच्या सेवेचा हा माझा अनुभव समजा.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पाळीवर जातात. गोठा माझा आणि आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा. चार म्हशी: दोन पंढरपुरी, लांब तलवारीसारख्या शिंगांच्या, आणि दोन मिसळ. एक भाकड होती, तीन मिळून दिवसाला सतरा लिटरपर्यंत दूध जायचं संस्थेत. गडी नाही. शेण, वैरण, धार, सगळं आम्हा दोघींच्या हातावर. हे मुद्दाम सांगतोय, पुढं कामाला येणार आहे.

मामंजी होते तोवर जनावर वडगावच्या बाजारातनं यायचं. पहाटे जायचं, दोन-तीन हेड्यांशी, म्हणजे जनावरांच्या दलालांशी, हुज्जत घालायची, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि घेताना बोली व्हायची: दुधाची बोली, खोडीची बोली. लाथ मारत नाही, पान्हा चोरत नाही, सड चारी चालू. बोली खोटी निघाली तर पुढच्या बाजारी म्हैस त्याच्याच दारात नेऊन बांधायची. कागद नसायचा. आता मामंजी नाहीत, ह्यांना सुट्टी नाही, आणि दोन बायकांनी पहाटे बाजारात कुठं जायचं, म्हणून फोनवर जाहिरात बघितली. गंमत बघा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर कोल्हापूरचा माणूस डोळ्यादेखत धार काढून घेतो आणि फेसासकट पेला तोंडाला लावतो. पेलाभर दुधाला एवढी खात्री, आणि दीड लाखाची म्हैस आम्ही व्हिडिओवर पसंत केली.

फोनवरची सेवा चांगली. हे पण खरं ते लिहितो. पोरगा मराठी बोलणारा, अदबशीर, प्रत्येक वाक्याला ताई. मी तीन प्रश्न लिहून विचारले होते. कितवं वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली? दोन्ही वेळचं मिळून दूध किती? रेडकू तिचंच ना? उत्तर लिहून आलं: 'दुसरं वेत ताई. 16 लिटर, करारात लिहून देतो. रेडकू तिचंच, आठ दिवसांचं.' खाली म्हशीचा फोटो आणि दोन गुलाबाची फुलं. हा मेसेज मी अजून पुसलेला नाही. तो फोन पण बदललेला नाही, काच तडकली तरी.

दिवाळी झाली तसं आम्ही हायवेच्या कडेला त्यांचा गोठा आहे तिथं गेलो. मी, आत्या आणि धाकटे दीर. गोठा झकपक. सिमेंटचा उतार, पंखे, पाण्याचे फवारे, आणि स्पीकरवर बासरी. दूध वाढतं म्हणे. म्हशी काळ्याकुळकुळीत, अंगाला तेल, शिंगं अशी चमकत होती की आत्यांनी विचारलं, "शिंगाला पण पॉलिश मारलाय व्हय रं?" तो मॅनेजर हसला, "आजी, हरियाणाचं सरसोंचं तेल आहे ते." आम्ही पण हसलो.

आमची म्हैस तिसऱ्या दावणीला होती. कास तटतटलेली, चारी सड बाहेरच्या अंगाला फाकलेले. आत्यांनी कास हातानं चाचपली आणि सरळ विचारलं, "सकाळची धार काढलीया न्हवं हिची?"

"काढली की आजी. आठ लिटर दिलं."

हे वाक्य तिघांनी ऐकलं. मग त्यांनी आमच्यासमोर संध्याकाळची धार काढली. माप लावून नऊ लिटर आणि वर थोडं. धारेआधी एक माणूस म्हशीच्या मागनं जाऊन तिच्या मानेपाशी काहीतरी करून आला. खाजवलं असेल, दुसरं काही असेल. डोळ्यानं बघितलेलं नाही म्हणून त्यावर लिहीत नाही.

आता आमची चूक. जनावर घेताना तीन धारा बघायच्या असतात. पहिली सोडून द्यायची, कारण आधी किती तास तुंबवलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि मागच्या दोन धरायच्या. आत्यांना हे पाठ आहे. त्या म्हणाल्या, आम्ही इथंच पडतो रात्रीचं, घोंगडं द्या. मॅनेजर म्हणाला, सकाळी सांगलीचं गिऱ्हाईक येणार आहे, त्यांनी टोकन पाठवलंय, तुमचं नक्की असेल तर आत्ता. दीर म्हणाले, वहिनी, नऊ लिटर समोर निघालंय की. आणि मी मान हलवली. आत्या घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

किंमत 1,45,000. दहा हजार आधी फोनवरनं दिले होते, उरलेले भिशीचे आणि पतसंस्थेत पाटल्या ठेवून आणलेले. करार 500 च्या स्टँपवर, चार पानं, बारीक अक्षर. दुसऱ्या पानावर लिहिलेलं: मुऱ्हा जात, वेत दुसरं, दूध रोज 16 लिटर. सहावं कलम: दूध कमी भरल्यास 15 दिवसांत म्हैस बदलून मिळेल. एवढं वाचून मी सही केली. नववं कलम घरी येऊन वाचलं: 'जनावर जसे आहे तसे, स्वतः पाहून व पारखून घेतले असून नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.' आणि अकरावं: न्यायक्षेत्र फक्त करनाल. भोगावतीच्या काठावरची म्हैस, आणि भांडायला हरियाणात करनालला जायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली. साडेचार लिटर. संध्याकाळी चार. तिसऱ्या दिवशी दोन्ही मिळून साडेआठ. बोटं मोडून हिशेब घातला तेव्हा उजेड पडला. तिथं समोर निघालेलं नऊ लिटर म्हणजे अख्ख्या दिवसाचं दूध होतं, एका धारेत काढलेलं. सकाळची धार काढलीच नव्हती.

रेडकाची गोष्ट त्याहून वाईट. रेडकू सोडलं की म्हैस हुंगते, चाटते, पान्हा सोडते. हिनं हुंगलं आणि लाथ घातली. पेंडीचं घमेलं पुढं ठेवल्याशिवाय पान्हा नाही. आत्या बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, "हिचं नव्हं हे. कुणाचं तरी आणून बांधलंया." ते रेडकू आता आमच्या काशीला पितं. पंढरपुरी म्हैस, स्वतःचं थोरलं झालेलं, पण हाकलत नाही.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. "ताई, प्रवास झालाय, पाणी बदललंय, वैरण बदललीय, जनावर बावरतं. पंधरा दिवस थांबा, मग बघा कशी देते." ह्यात खोटं काही नाही, आणि तीच खरी मेख आहे. जनावर हलवलं की दूध उतरतं, हे कुठलाही गोठेवाला मान्य करेल. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर माणूस थांबतो. सातव्या दिवशी फोन केला: गूळ आणि मेथी द्या. बाराव्या दिवशी: डॉक्टर पाठवतो. सोळाव्या दिवशी तोच अदबशीर पोरगा म्हणाला, "ताई, गॅरंटी काल संपली. करारातलं सहावं कलम वाचा."

वाचायला काय, तोवर पाठ झालं होतं.

मग गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी तोंड उघडून दात बघितले, मग शिंगाच्या बुडापाशी बोट फिरवलं. वेतागणिक शिंगाच्या बुडाला वळ्या पडत जातात, त्यावरनं जुनी माणसं अंदाज काढतात. हिच्या बुडाला वळ्या नव्हत्या, बारीक ओरखडे होते. पॉलिश पेपरचे. वर तेल. आत्यांनी चेष्टेनं विचारलं होतं तेच खरं निघालं. मग त्यांनी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकला. आपल्या आधार कार्डासारखाच तो, जनावराचा. नोंद परराज्यातलीच होती: वेत सहावं, व्याल्याची तारीख जूनमधली. म्हणजे आम्ही घेतली तेव्हा म्हैस व्यालेल्याला पाच महिने झालेले, आणि आमच्याकडं आठ दिवसांचं रेडकू घेऊन आलेली. गाभण पण नाही. डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. फी घेतली तेवढीच, सरकारी पावतीची.

कानातला बिल्ला त्यांच्या गोठ्यात पण होताच की. नंबर आम्हाला पण वाचता आला असता. हे मी स्वतःशी किती वेळा बोललो असेन.

शेजारच्या आळीतली पोरगी कसबा बावड्याच्या कोर्टात वकिली करते. मला काकी म्हणते. तिला चार पानं दाखवली आणि म्हटलं, सही माझी आहे, तक्रार चालणार नाही असं लिहिलंय, आता काय? ती म्हणाली, काकी, सही तुमची आहे पण ती सही कशावर घेतली ते आधी बघायचं. करार म्हणजे दोघांची राजीखुशी. 1872 च्या करार कायद्यातलं 14 वं कलम म्हणतं, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली राजीखुशी ही मोकळी राजीखुशी नव्हे. असा करार मुळात फुकट जात नाही, पण ज्याला फसवलं त्याला तो मोडता येतो. फसवणाऱ्याला नाही. म्हणजे उद्या ही म्हैस वीस लिटर द्यायला लागली तर कंपनीला म्हणता येणार नाही की आम्ही खोटं बोललो होतो, म्हैस परत करा. मला हे फार आवडलं.

मग तिनं घोड्याची गोष्ट सांगितली. कायद्याच्या 17 व्या कलमाखालीच ती उदाहरणं दिलेली आहेत. एक जण लिलावात घोडा विकतो. घोडा खोडीचा आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही. मी म्हटलं, हा कसला कायदा? ती म्हणाली, थांबा की. पुढचं उदाहरण: घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे, तिथं गप्प बसता येत नाही. आणि त्यापुढचं: घेणारा म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी समजतो,' आणि विकणारा गप्प राहतो. इथं त्याचं गप्प बसणं बोलण्यासारखंच धरायचं.

म्हणजे विचारण्यात सगळं आलं. मी विचारलं नसतं आणि त्यांनी सांगितलं नसतं, तर मी अर्धी हरलो असतो. मी तीन प्रश्न लिहून विचारले, आत्यांनी चौथा तोंडी विचारला, आणि चारही उत्तरं खोटी दिली. शिंगं घासणं ही तर निराळी गोष्ट. ते गप्प बसणं नव्हे, ते उघड लपवणं, आणि त्याच 17 व्या कलमात ते स्वतंत्र लिहिलंय. पाळायचंच नाही असं मनात ठेवून दिलेलं वचनसुद्धा त्यात येतं. पंधरा दिवसांत बदलून देतो म्हणायचं आणि पंधरा दिवस झुलवायचं, हे त्यात बसतं असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. बसतं का ते आयोग ठरवेल. 'दुधाची टाकी आहे ताई, खानदानी आहे' असं जे मॅनेजर म्हणत होता ते मात्र कशात बसत नाही. माल विकणारा स्तुती करणारच. टाकी किती लिटरची हे सांगितलं की मग ते अंगावर येतं.

एक फरक तिनं दोनदा समजावला, तेव्हा डोक्यात शिरला. समजा त्या पोरालाच हरियाणाच्या दलालानं गंडवलं असेल आणि त्यानं खरं समजून दुसरं वेत लिहिलं असेल, तर ती लबाडी नव्हे, चुकीची माहिती. करार तरी पण मोडता येतो. पण तिथं 19 वं कलम घेणाऱ्याला एक प्रश्न विचारतं: साधी नजर ठेवून तुला खरं कळण्यासारखं होतं का? होतं, तर तक्रार नाही. गप्प राहून केलेल्या फसवणुकीला पण हाच प्रश्न. त्यातलं उदाहरण निळीच्या कारखान्याचं आहे. विकणारा म्हणतो वर्षाला पाचशे मण नीळ निघते, घेणारा वह्या तपासतो, वहीत चारशेच दिसते, तरी घेतो. मग रडता येत नाही. कानातला बिल्ला आठवून माझ्या पोटात गोळा आला. वकीलबाई म्हणाली, ठरवून तोंडावर खोटं बोलणाऱ्याला ती सवड नाही, काकी. तुम्ही बिल्ला वाचला नाही हे त्यानं म्हणायचं नाही. पण ते खोटं त्याला माहीत होतं हे आपल्याला दाखवावं लागेल. म्हणून ते ओरखडे महत्त्वाचे. कुणी भोळेपणानं शिंगाला पॉलिश पेपर लावत नाही.

आणि ते 'जसे आहे तसे'? दूध, वेत, रेडकू, सगळं खोटं सांगून वर असं कलम घालायचं म्हणजे बिनबुडाच्या घागरीला झाकण. ज्या सहीनं ते कलम उभं आहे ती सहीच फसवून घेतलेली.

डिसेंबरात नोटीस गेली: करार मोडतोय, म्हैस घेऊन जा, पैसे परत द्या. करार मोडायचा तर मिळालेलं परत करायची तयारी दाखवावी लागते, मी म्हैस ठेवून पैसे मागू शकत नाही. शिवाय फसवणूक कळल्यावर उगाच दिवस काढायचे नाहीत. कळून पण तुम्ही माल आपला म्हणून वापरत राहिलात तर समोरचा म्हणतो, मान्य केलंत की. वकीलबाई बोलून गेली, "काकी, आता ती म्हैस वापरू नका."

मी म्हटलं, बाई, ती काय गाडी आहे का, कुलूप लावून ठेवायला? धार नाही काढली तर दोन दिवसांत कास दगड होईल, दगडी झाली की सड जातो, ताप भरतो. खायला घालायचं नाही का? पोरीला हसू आलं. मग नोटिशीत एक वाक्य वाढवलं: जनावराच्या जिवासाठी धार काढत आहोत, दुधाचा आणि वैरणीचा हिशेब ठेवत आहोत. त्या दिवसापासनं लेकीच्या जुन्या वहीत मागच्या पानापासनं लिहितोय. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला गोळी पेंड, सरकी, वाडं, कडबा. संस्थेच्या सचिवांनी पण मदत केली. हिचं दूध वेगळ्या किटलीतनं घेतात, वेगळी पावती काढतात, लिटर आणि फॅटसकट. रांगेतल्या बायका आधी कुरकुरल्या, आता त्याच विचारतात, आज किती गं तुझ्या केसचं?

म्हशीला तेच नाव पडलंय. केस.

नोटिशीला वकिलाकरवी उत्तर आलं. तुम्ही स्वतः धार बघून घेतली. वैरण नीट घातली नसेल. न्यायक्षेत्र करनाल. आणि सगळ्यात भारी: तुमचा दुधाचा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नव्हे. हे वाचून आत्यांनी विचारलं, "मग आम्ही कोण?" 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला बाहेर ठेवतो हे खरं, पण स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला तो धंदा म्हणत नाही. म्हणून सुरुवातीला सांगितलं की गडी नाही. जिल्हा आयोगात तक्रार दिली, पाच लाखांच्या आतल्या मालाला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, हा 2019 च्या कायद्यानं केलेला मोठा फायदा. करनालच्या कलमाला आमच्याकडनं हेच उत्तर. दोन वर्षांच्या आत तक्रार द्यायची असते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरला फोन करून पण सांगता येतं, मी केला होता, नीट बोलले. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजचे कागद द्यायचे तर सोबत दाखला जोडावा लागतो, साक्षीच्या नव्या कायद्यातल्या 63 व्या कलमाचा. ते सगळं वकीलबाईनं केलं. दीर म्हणत होते चारशे वीस लावू, तर ते कलम पण आता 318 झालंय. मी म्हटलं, आधी पैसे.

दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला त्यांचा माणूस बाहेर पॅसेजमध्ये येऊन म्हणाला, ताई, पंचवीस हजार घ्या, म्हैस ठेवा, इथं सही करा. पुन्हा सही! मी पिशवीतनं वही काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं दोन पानं उलटली आणि परत दिली.

सेवेबद्दल आणखी कुणाला विचारायचं असेल तर: गाडी वेळेवर, वागणूक गोड, लसीकरणाचा कागद बरोबर, गोठा बघण्यासारखा. घ्यायचीच असेल तर घोंगडं घेऊन जा आणि तीन धारा बघा. टोकनवालं सांगलीचं गिऱ्हाईक कुठं जात नाही. कानातल्या नंबराचा फोटो काढा आणि पैसे द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांना पाठवा. प्रश्न लिहून विचारा, उत्तर लिहून घ्या.

आता राहिलं एक. केस माजावर येतेय. पहिल्यांदा डिसेंबरात आली, मग एकवीस दिवसांनी परत. दोन माज सोडून दिले. भरवावी, म्हणजे रेतन करून गाभण करावी, तर ते म्हणणार, बघा, आपली म्हणून भरवली. न भरवावी तर अख्खं वर्ष वाया, दूध आटलं की नुसती बांधून खायला घालायची, आणि उद्या म्हैस परत न्यायची झाली तर तेच म्हणणार, भाकड करून दिली. आत्या रोज सकाळी उठून माझ्याकडं बघतात. वकीलबाईला विचारलं. ती म्हणाली, लिहून विचारा.

गेल्या मंगळवारी पहाटे म्हैस हंबरायला लागली. मी त्याच नंबरवर, त्या दोन गुलाबाच्या फुलांच्या खाली, मेसेज टाकला: 'तुमची म्हैस माजावर आली आहे. भरवू का? संध्याकाळी पाचपर्यंत नाही म्हणाला नाहीत तर हो समजतो.'

साडेसातला दोन निळ्या खुणा आल्या. दुपारी पण तेवढ्याच. पाच वाजले, मी फोटो काढून वकीलबाईला पाठवला आणि रेतनवाल्याला फोन लावला.